दहा बोटांची कसोटी

कचेरीत त्याला सगळे पूर्णविराम म्हणायचे. एक तर तो वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होता. छापायला जाणारं प्रत्येक पान शेवटी त्याच्या टेबलावरून जायचं आणि राहून गेलेला पूर्णविराम त्याच्या नजरेतून कधी सुटत नसे. दुसरं कारण त्याच्या आकारात होतं, पण ते कुणी तोंडावर बोलून दाखवत नसे. बावीस वर्षं त्यानं लोकांच्या चुका दुरुस्त केल्या होत्या आणि स्वतःचं म्हणून एक वाक्यही छापलं नव्हतं. त्याला त्याचं वाईटही वाटत नव्हतं. लिहिणारे लोक किती चुका करतात हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

गुरुवारच्या पुरवणीत ‘आरोग्यकाकूंचा सल्ला’ नावाचं सदर यायचं. ते लिहायच्या एक निवृत्त परिचारिका. त्या एके दिवशी मुलाकडे राहायला दूर निघून गेल्या आणि जाताना म्हणाल्या की, आता मला नातवंडांचीच नाकं पुसू दे. संपादकांनी इकडे तिकडे पाहिलं तर समोर पूर्णविराम पान तपासत बसलेला. बाकी सगळे कामात होते, म्हणजे तसं दाखवत तरी होते. संपादक म्हणाले, साडेतीनशे शब्दांचा तर प्रश्न आहे, काकूंचं सगळं लिखाण तूच तपासलंयस, तुला त्यांचा सूर माहीत आहे. फक्त काकू बदलल्या हे बाहेर कुणाला कळता कामा नये, घरीसुद्धा नाही.

पहिल्या आठवड्यात त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं. वेळेवर जेवावं, थोडं चालावं, पुरेसं झोपावं आणि बरं वाटत नसेल तर डॉक्टरांकडे जावं. संपादकांनी ते वाचून चष्मा काढला. “हे सगळ्यांना माहीत आहे,” ते म्हणाले. “जे माहीत आहे ते वाचायला लोक पेपर कशाला घेतील?”

दुसऱ्या आठवड्यात त्यानं जरा हात सैल सोडला. रात्रीचं जेवण ताटात न घेता बशीत घ्यावं, असं लिहिलं. बशी लहान, म्हणून पोटाला वाटतं जेवण मोठं. हे त्याला चहा पिताना सुचलं होतं. सहा पत्रं आली, सगळी कौतुकाची. आणि त्या रात्री तो घरी जेवायला बसला तर त्याच्यापुढे बशी.

“हे काय?”

“काकूंनी सांगितलंय,” बायको म्हणाली.

बायको चष्म्याच्या दुकानात काम करायची. दिवसभर लोकांना खालची ओळ वाचायला लावून तिचा असा ठाम समज झाला होता की आपलं जग नीट दिसत नसलेल्या लोकांनी भरलेलं आहे, आणि त्यात पहिला नंबर नवऱ्याचा. तो जे सांगेल ते ती एका कानानं ऐकायची. काकूंचं मात्र तिला सगळं पटायचं. “बाई मोजकं बोलते पण मुद्द्याचं बोलते,” ती म्हणायची आणि बशीत तीन बटाटे ठेवायची. पूर्णविरामाला एकीकडे भूक लागलेली असायची आणि दुसरीकडे छाती फुगलेली असायची. लग्नाला अठरा वर्षं झाली, या घरात त्याचा शब्द पहिल्यांदाच चालत होता. खरं सांगून टाकावं असं त्याच्या ओठांवर बऱ्याचदा आलं, पण सांगितलं असतं तर बटाटे वाढले असते आणि मान गेला असता. म्हणून तो कचेरीच्या खणात बिस्किटं ठेवू लागला.

मग तो बुधवार आला. पान दुपारी तीनला जायचं होतं आणि मजकूर दोनशे नव्वद शब्दांवर येऊन अडला होता. साठ शब्दांची जागा पांढरी दिसत होती. तो आळस द्यायला उभा राहिला, सहज खाली पाहिलं, तर पोटापलीकडे चपलेतून आपल्याच पायाची चार बोटं डोकावताना दिसली. तो लगेच खाली बसला आणि एका दमात लिहून गेला:

“बाई गं, वजनकाट्याच्या नादी लागू नकोस. रोज सकाळी उठल्या उठल्या अनवाणी, पाय जुळवून ताठ उभी राहा. पुढे न वाकता फक्त मान खाली घाल आणि पायाची बोटं मोज. दहाही दिसली तर उत्तम. आठ दिसली तर जिभेला आवर घाल. सहा किंवा त्याहून कमी दिसली, तर या काकूनं आणखी काय सांगावं? आरसा खोटं बोलेल, माणसं खोटं बोलतील, पण बोटं कधीच खोटं बोलणार नाहीत.”

शेवटच्या वाक्यावर तो स्वतःच खूश झाला. शब्द मोजले तर बरोबर साठ भरले.

पुढच्या आठवड्यात दोनशे पत्रं आली. त्यानंतर गावानं मान खाली घातली ती वर काढेचना. बसथांब्यावर रांगच्या रांग खाली बघत उभी असायची आणि बस निघून जायची. बँकेत खिडकीपाशी आपला नंबर आला तरी लोकांना कळायचं नाही. कचेरीखालचा चपलांचा दुकानदार वर येऊन तक्रार करून गेला की, बंद बूट कुणी घेईना, सगळ्यांना पुढून उघड्या चपला हव्यात, त्याही अशा की बोटं इंचभर पुढे आलेली दिसावीत. न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाइकं एकमेकांना विचारायची, “तुमची किती?” आणि आठ असलेला माणूस नऊ सांगायचा. संपादकांनी सदराला चौकट दिली, वर काकूंचं चित्र टाकलं. चित्रातल्या काकू शिडशिडीत होत्या.

घरीही मोजणी सुरू झाली. बायकोची सात भरली. तिनं पूर्णविरामालाही उभं केलं आणि स्वतः वाकून तपासलं की हा चार सांगतोय ते खरं की लाजेखातर एखादं वाढवतोय. त्या दिवसापासून त्याच्या बशीत दोनच बटाटे आले.

लेक पंधरा वर्षांची होती आणि शाळेत गोळाफेक करायची. खांदे रुंद, दंड भरलेले, पायरी उतरली की जिना वाजायचा. लहानपणापासून तिला खायला लागायचं, आणि खाऊन झालं की ती उरलेलं कुणाला हवंय का असं विचारायची पण उत्तराची वाट बघायची नाही. अशी ही मुलगी अलीकडे बशीतलंही अर्धं टाकून उठायला लागली होती. शाळेत खाल्लं, म्हणायची. पूर्णविरामाला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट तिच्या बशीतलं उरलेलं तो लगबगीनं आपल्याकडे ओढायचा. भुकेल्या माणसाला दुसऱ्याची भूक दिसत नाही.

त्याला शाळेतून बोलावणं आलं तेव्हा वाटलं, काहीतरी फी-बी राहिली असेल. खेळाच्या बाई मैदानाच्या कडेला लोखंडी गोळ्यांच्या पेटीवर बसल्या होत्या. त्यांनी त्याला दुसऱ्या पेटीवर बसवलं आणि सरळ विषयाला हात घातला. मुलीचा गोळा दोन महिन्यांपूर्वी अकरा मीटर जात होता. परवा नऊवर पडला. काल ती वर्तुळातच चक्कर येऊन खाली बसली. विचारलं तर ऊन लागलं म्हणाली. शेवटी तिची पिशवी उघडली तर त्यात डबा नव्हता, एक वही होती.

बाईंनी वही त्याच्या हातात दिली. पहिल्या पानावर सदराचं कात्रण नीट कापून चिकटवलं होतं. पुढे रोजची तारीख आणि तारखेपुढे आकडा. पाच. पाच. पाच. चार. पाच. एका ठिकाणी सहा लिहून खोडलं होतं आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘वाकले होते, धरायचं नाही.’

त्यानं ते कात्रण अशा नजरेनं पाहिलं की जणू त्यात एखादी चूक राहून गेली असावी. चूक एकही नव्हती. सगळे स्वल्पविराम जागच्या जागी होते.

“मला त्या काकूला एकदा भेटायचं आहे,” बाई म्हणाल्या. “खरं तर ती बाई असेल असं मला वाटतच नाही. निम्म्या बायकांना ताठ उभं राहून पायाची बोटं दिसत नाहीत. अंगाची ठेवण असते ती, जाडीचा काय संबंध? हे कुठल्याही बाईला माहीत असतं.”

पूर्णविराम पेटीवर बसल्या बसल्या लालेलाल झाला. हे त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. तो एवढंच म्हणाला की, बघतो. बाईंनी आधी मुलीला डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं. त्याच संध्याकाळी तो तिला घेऊन गेला. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं, नाडी बघितली आणि विचारलं की ही शेवटची पोटभर कधी जेवली. बापानं मुलीकडे पाहिलं. मुलीनं छताकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, औषध नाही, जेवण लिहून देतो, आणि खरोखरच कागदावर ‘जेवण, तीन वेळा’ असं लिहून दिलं. तो कागद तिनं घडी घालून वहीत ठेवला. काकूंच्या मागे.

त्यानं विचार केला, जे छापून झालं ते छापूनच पुसायचं. गुरुवारी काकूंनी लिहिलं की दहा बोटांच्या कसोटीला काही आधार नाही, ती विसरून जा आणि पोटभर जेवा.

गाव चवताळलं. शंभरावर पत्रं आली. कुणी लिहिलं, आमच्या काकूंवर दबाव आणलाय. कुणी लिहिलं, हा खादाडांचा डाव आहे. एका गृहस्थानं तर आपण तीनवरून नवावर कसे आलो याचा तक्ता जोडला होता आणि खाली विचारलं होतं की आता या कष्टांचं काय करू. घरी बायकोनं सदर दोनदा वाचलं आणि मान हलवली.

“या काकू नव्हेतच,” ती म्हणाली. “काकू अशा मिळमिळीत लिहीत नाहीत. कुणीतरी भलत्यानं लिहिलंय.”

“बरोबर आहे,” लेक म्हणाली. “जाड लोकांनी तक्रार केली असणार, म्हणून बोलायला लावलं.” आणि बशी पुढे सरकवून उठायला लागली.

तेव्हा पूर्णविरामाला कळलं की खोटं लिहायला साठ शब्द पुरतात, ते खोडायला साडेतीनशेही अपुरे पडतात. त्यानं लेकीचा हात धरून तिला खाली बसवलं.

“काकू मी आहे,” तो म्हणाला.

दोघींनी त्याच्याकडे पाहिलं. बायको उठली, त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि त्याच्या बशीत एक बटाटा वाढला. तिला वाटलं, दोन बटाटे जरा जास्तच कमी झाले. त्यानं पुन्हा सांगितलं. जुन्या काकू गेल्या, बशी मी लिहिली, बोटं मी लिहिली. बायको हसायला लागली. “तुम्ही? तुम्हाला स्वतःचे मोजे सापडत नाहीत. बरं, मग सांगा बघू, माझ्या गुडघ्याला काकू काय म्हणतील?”

त्यानं डोळे मिटले. “बाई गं,” तो म्हणाला, “गुडघा दुखतो तो चालल्यानं नव्हे, चिडल्यानं. दिवसभर लोकांवर जीभ चालवतेस, मग सांध्यांना वंगण उरेल कुठून? चार दिवस गोड बोलून पाहा. गुडघा खोटं बोलणार नाही.”

बायकोचं हसू जिथल्या तिथे थांबलं. तिच्या दुकानात आलेल्या म्हाताऱ्यांना नवा चष्मा लावल्यावर होतं तसं तिचं झालं, ओळखीचा माणूस एकदम स्पष्ट दिसला आणि आवडला नाही. “अकरा आठवडे,” ती सावकाश म्हणाली, “अकरा आठवडे मी बशीत जेवतेय.”

लेक मात्र हसली नाही की रडली नाही. तिनं विचारलं, “दहा बोटं कुठल्या पुस्तकात आहेत?”

“कुठल्याच नाहीत.”

“मग आली कुठून?”

त्याला खोटं बोलायची फार इच्छा झाली. एखादा संशोधक, एखादं जुनं पुस्तक, काहीही. “साठ शब्द कमी पडत होते,” तो म्हणाला. “जागा भरायची होती.”

ती उठली, खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. दार आपटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. बायको कपाटातली ताटं काढून एकेक पुसायला लागली, आणि ती ज्या जोरानं पुसत होती त्यावरून पूर्णविरामाला आपल्या पुढच्या काही आठवड्यांची कल्पना आली.

सकाळी लेक स्वयंपाकघरात आली ती उभ्या उभ्या पाव खात. तीन खाल्ले. चौथा हातात धरून ती म्हणाली, “मला सांगून काय उपयोग बाबा? आमच्या वर्गात नऊ मुली डबा आणत नाहीत. त्यांना कोण सांगणार? तू तुझ्या नावानं लिही.”

त्यानं लिहिलं. संपादकांनी वाचलं आणि कागद दोन बोटांनी उचलून खणात टाकला. काकूंना चार दिवस सुट्टी देऊ, मग नवीन काहीतरी काढू, झोपेवर वगैरे, असं त्यांचं मत पडलं. पेपराची अब्रू आहे, ते म्हणाले, ती अशी चव्हाट्यावर मांडायची नसते.

बुधवारी दुपारी पुरवणीचं पान नेहमीप्रमाणे शेवटच्या नजरेसाठी पूर्णविरामाकडे आलं. बावीस वर्षांत त्यानं दुसऱ्याच्या मजकुरातला एक शब्द अर्थासाठी बदलला नव्हता. वेलांटी दिली, अनुस्वार काढला, बस. त्या दिवशी त्यानं चौकटीतलं ‘काकू सुट्टीवर’ काढलं आणि आपला मजकूर पान लावणाऱ्या बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो बसवता बसवता वाचला. पुन्हा वाचला. मग त्यांनी त्याच्याकडे पाहून विचारलं, “म्हणजे हे खरंच काही नाही? मी सहाची आहे हो.”

“काही नाही. मी जागा भरत होतो.”

बाईंनी पान आधी छपाईला पाठवलं. मग टेबलाखालून डबा काढला, घरून आणलेला पण आठवडाभर तसाच परत जाणारा, आणि मशीनचा आवाज सुरू होईपर्यंत त्यांनी तो पुसून संपवला. जाताना त्या त्याला पेपराच्या इतिहासातला सर्वांत मोठा गाढव म्हणाल्या, पण पोट भरल्यामुळे त्यात धार नव्हती.

मजकूर छोटाच होता. बोटांची कसोटी मी एका दुपारी खुर्चीतून उठताना बनवली, मी डॉक्टर नाही, बाई नाही, काकूही नाही, माझ्याच मुलीनं त्यापायी जेवण टाकलं आणि तिचं उरलेलं मीच खात होतो, एवढं त्यात होतं. खाली त्याचं नाव. स्वतःचं नाव छापलेलं पाहून त्याला पहिल्यांदा वाटलं ते हे की वेलांटी चुकलीय की काय. नव्हती चुकली.

संपादकांनी त्याला आत बोलावलं आणि बराच वेळ बोलले. सदर बंद झालं. नोकरी राहिली, कारण त्याला काढल्याची बातमी कुणी तपासली असती? पत्रं मात्र महिनाभर येत राहिली. निम्म्या लोकांचं म्हणणं होतं की यानं काकूंना दाबून टाकलं. काहींनी शिव्या घातल्या, त्यांतल्या शुद्धलेखनाच्या चुका त्यानं सवयीनं दुरुस्त केल्या. एका आजीबाईंनी लिहिलं की मला गेली वीस वर्षं एकही बोट दिसत नाही, डोळ्यांमुळे, तेव्हा मी निवांत होते. न्हाव्याकडे अजून कुणीकुणी आकडा सांगायचे, पण हळूहळू बस वेळेवर पकडली जाऊ लागली. वर्गातल्या नवांपैकी सहा मुली डबा आणायला लागल्या असं लेकीनं सांगितलं. उरलेल्या तिघींना खेळाच्या बाई रोज मधल्या सुट्टीत आपल्याजवळ बसवून घेत होत्या. घरी बायकोनं ताटं काढली, पण पूर्णविरामापुढे आठवडाभर बशीच ठेवली, शिक्षा म्हणून, आणि त्यानं ती चूपचाप भोगली.

लेकीचं लगेच काही ठीक झालं नाही. कधी ती पोटभर जेवायची, कधी ताटाकडे बघत बसायची आणि मग कुणी काही बोलायचं नाही, बायकोसुद्धा नाही, आणि बायकोला ते फार जड जायचं. वही तिनं फेकली की ठेवली, त्यानं विचारलं नाही. पण संध्याकाळी ती पुन्हा मैदानावर जायला लागली. गोळा साडेनऊवर आला, मग दहावर.

शाळांच्या स्पर्धेत तिचा तिसरा नंबर आला. दहा मीटर चाळीस. पेपराच्या छायाचित्रकारानं नेमका गोळा हातातून सुटताना फोटो काढला होता, गाल फुगलेले, मान ताणलेली, दंड एखाद्या सुताराचा असावा तसा. खेळाचं पान लावणाऱ्या माणसाला ती कुणाची मुलगी हे ठाऊक नव्हतं. एकाच रकान्यात जागा होती, म्हणून त्यानं फोटो दोन्ही बाजूंनी दाबून बसवला. पान तपासायला आलं तेव्हा त्यात पूर्णविरामाला एक उंच, लांबट मुलगी दिसली, जिला तो ओळखत नव्हता.

तो पान घेऊन उठला. फोटो दाबलाय, तो म्हणाला. पान लावणारा म्हणाला, कुणाला कळतंय, आणि तशीही बारीक छान दिसतेय. पूर्णविरामानं आवाज चढवला नाही. फक्त खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसला.

“ती दोन रकान्यांची आहे,” तो म्हणाला. “दोन रकाने दे.”

“मग खालची बुद्धिबळाची बातमी कापावी लागेल.”

“काप.”

शुक्रवारी सकाळी फोटो दोन रकान्यांत छापून आला. लेकीनं तो हातात धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, तोंड अगदी बेडकासारखं आलंय. मग पेपर घडी घालून दप्तरात टाकला आणि शाळेला निघाली. जिन्यावरून तिची पावलं खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येत राहिली.